दोन्ही खाचांचा बोर्ड

टाइपबाईंशी बोलताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून काही उपयोग नसे. हातांकडे पाहावं लागे. आपण जे बोलतोय ते त्यांची बोटं त्याच वेळी टाइप करत असत. टेबलावर, मांडीवर, एसटीच्या खिडकीच्या दांडीवर, भाजीवालीच्या टोपलीच्या काठावर, जे हाताखाली येईल त्यावर. वाक्य संपलं की डावा हात हवेत उचलला जाई, नसलेल्या मशीनची कॅरेज मागे ढकलायला. मी त्यांच्याकडेच शिकलेली, त्यामुळे मला ती बोटं वाचता येत. एकदा नळाचा फिटर त्यांच्यावर तावातावाने ओरडत होता. बाई कठड्यावर बोटं चालवत शांतपणे ऐकत होत्या. एका शिवीशी अडखळल्या, पुन्हा पहिल्यापासून टाइप केली, आणि तो गेल्यावर मला म्हणाल्या, "जोडाक्षर लय कठीण होतं मेल्याचं."

त्यांचं खरं नाव फक्त प्रमाणपत्रावरच्या सहीत दिसे. बाकी सगळ्या खामगावला त्या टाइपबाई. नवरा एका जिनिंग-प्रेसिंगच्या ऑफिसात कारकून होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. बाईंनी मिळालेल्या पैशांतून टाइपरायटर घेतले आणि सरकीच्या ढेपेच्या, म्हणजे पेंडीच्या, दुकानावर माडी भाड्याने घेऊन इन्स्टिट्यूट काढली. खालून ढेपेचा वास, वर मशीनचा खडखडाट. माझ्या सगळ्या मैत्रिणींची बोटं त्या वासात तयार झाली. आजही ढेपेचं पोतं कुठे फुटलं की माझी डावी करंगळी आपोआप वळते.

टायपिंगनंतर मी अकोल्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केला आणि बाईंच्या समोरच्याच गल्लीत दुकान टाकलं. बाईमाणसाने पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेऊन बसायची तेव्हा आमच्याकडे रीत नव्हती. गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारायचं, "मिस्त्री कुठी गेला?" माझ्या सासरच्यांनाही ते पसंत नव्हतं. टाइपबाई मात्र उद्घाटनाला आल्या, नारळ फोडला आणि म्हणाल्या, "शोभे, पेचकस धर नाई तं लाटणं धर. धरशीन तं नीट धर." एवढंच. कौतुक करायची त्यांना सवय नव्हती आणि ऐकायची मला नव्हती. आमचं जमलं ते त्यामुळेच.

शिकवण्याचा त्यांचा एकच मंत्र होता. "अर्थाले हात लावू नका, अक्षर पाहा." टाइप करताना मजकूर समजून घेत बसलं की बोट थबकतं, बोट थबकलं की स्पीड मरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या मुलींच्या पुढ्यात वाटेल ते ठेवत. कोर्टाचे निकाल, बँकेची परिपत्रकं, कीटकनाशकाच्या डब्यातली माहिती. इंग्रजीचा तर प्रश्नच नव्हता. बाई स्वतः इंग्रजी पानंच्या पानं एकाही चुकीशिवाय टाइप करत आणि त्यातल्या एका ओळीचा अर्थ विचारला तर म्हणत, "ते सायबाले माहीत. आपलं काम उतरवायचं." या पद्धतीने मुली पास होत होत्या हे मी मान्य करते. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणी त्या मंत्रावर नोकरीला लागल्या. मीही परीक्षेत जमिनीच्या तंट्याचा उतारा टाइप केला होता, आणि तंटा कोणाचा, जिंकला कोण, हे आजतागायत मला ठाऊक नाही.

फी घेण्याची त्यांची रीत कापसाप्रमाणे चाले. पोरी आसपासच्या खेड्यांतल्या. घरात पैसा येणार तो कापूस विकल्यावरच. म्हणून पहिल्या वेचणीला अर्धी, दुसरीला उरलेली, आणि तरीही ज्याची राहिली त्याची फरदडीला, म्हणजे झाडाला मागाहून जी चार बोंडं धरतात त्यांवर. बाईंनी कधी तगादा लावला नाही. लावायची गरज पडत नसे. बीटी बियाणं आलं तेव्हा पहिली काही वर्षं तर वेळेआधी फी येई. फवारणी कमी, बोंडं भरगच्च, बाप स्वतः माडी चढून येई. मग फवारणी परत सुरू झाली, बियाण्याची थैली महागली, आणि बाप जिन्याखालूनच "बाई, पुढच्या हप्त्यात" म्हणू लागले.

बाईंचंही एक लहानसं शेत होतं, बटाईने दिलेलं. त्या शेतावरून त्यांना लोक हसत. बीटीच्या थैलीसोबत साध्या बियाण्याची एक छोटी पुडी यायची. ती शेताच्या कडेने पेरायची, म्हणजे अळीला खायला तेवढं मोकळं रान राहतं आणि आतलं बीटी टिकतं. असं थैलीवर छापलेलं असे. पण कडेच्या ओळी अळीला कोण देणार? सगळे ती पुडी बांधावर फेकत, नाहीतर ढोरांना घालत. बाई बटाईदाराच्या मागे उभं राहून ती पुडी चारही कडांना पेरून घेत. "कंपनी देते तं उगीच देते का? दोन दिल्या तं दोन्ही पेराच्या." बटाईदार कुरकुरायचा, "बाई, तुमच्या कडा अळ्या खाते अन् बाजूवाला मले हसते." बाई त्याचंही बोलणं बांधावरच्या दगडावर टाइप करत.

टाइपरायटरचे दिवस भरत आले हे त्यांना माझ्याआधी कळलं. नोकरीच्या जाहिरातीत कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र मागायला लागले तशी त्यांनी निम्मी मशीनं भिंतीला लावली आणि माझ्याकडून जुने कॉम्प्युटर घेऊन प्रमाणपत्राच्या परीक्षेचं केंद्र मिळवलं. त्यात एक मुख्य मशीन होतं. परीक्षेचा प्रोग्रॅम त्यावर, बाकीची मशीनं त्याला जोडलेली. ते चाललं तर केंद्र चालणार, ते बसलं तर सगळं बसणार. बाई त्याला "पाटील" म्हणत. सकाळी आल्याबरोबर पाटलावरची धूळ आधी पुसली जाई, देवाची नंतर.

त्या वर्षी पोळ्यानंतर पाटील बसला. मी उघडून पाहिला. मदरबोर्ड गेला होता, म्हणजे ज्याच्यावर सगळे भाग बसवलेले असतात ती मुख्य पाटीच. प्रोसेसर चांगला होता. मेमरीच्या दोन पट्ट्या, ज्यांना आम्ही रॅम म्हणतो, त्याही चांगल्या होत्या, पण जुन्या प्रकारच्या. बाजारात तोवर नव्या प्रकारची मेमरी आली होती. तिची खाच वेगळ्या जागी, जुन्या बोर्डात ती बसत नाही आणि नव्या बोर्डात जुनी बसत नाही. बाईंना मी सरळ सांगितलं, नवा बोर्ड घ्या आणि नवी मेमरी घ्या, कटकट मिटेल. बाई म्हणाल्या, "कापूस यायचा हाये अजून."

अडचण तेवढीच नव्हती. परीक्षेचा प्रोग्रॅम बोर्डाला बांधलेला असे. बोर्ड बदलला की परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून नव्याने नोंदणी करून घ्यावी लागे. मी फोन केला तेव्हा तिथल्या माणसाने स्पष्ट सांगितलं, या सत्रात एकदाच बदलून मिळेल. पुन्हा बोर्ड गेला तर केंद्र रद्द. म्हणजे जो बोर्ड निवडायचा तो पहिल्या फटक्यात बरोबर निवडायचा.

त्या तुकडीत थोड्याच मुली उरल्या होत्या. त्यांतली वंदना सोनाळ्याची, खामगावात मामाकडे राहून शिकणारी. काळीसावळी, बोलायला कमी, बोटांना विलक्षण हलकी. बाईंच्या हाताखालून इतक्या मुली गेल्या, पण "हे पोट्टी मशीनले दुखवत नाही" असं त्या हिच्याबद्दलच म्हणाल्या. सोनाळ्याच्या एका पतसंस्थेत कारकुनाची जागा तिच्यासाठी थांबली होती, प्रमाणपत्र आणलं की रुजू. आणि बापाने मामाकडे निरोप ठेवला होता. परीक्षा पास झाली तर नोकरी, नाहीतर आलेलं स्थळ पक्कं. त्यात दुष्टपणा काही नव्हता. कापसाचा अंदाज त्याला आला होता, आणि घरात हिच्या पाठच्या आणखी दोघी होत्या.

बोर्ड घ्यायला मी बाईंना घेऊन रफीकभाईंकडे गेले. रफीकभाई जुन्या-नव्या सुट्या भागांचे व्यापारी. त्यांचे वडील रेडिओ विकत, ते कॉम्प्युटर विकत, तोंड मात्र दोघांचं सारखंच चालायचं. बाईंनी जुन्या मेमरीच्या पट्ट्या बटव्यात आणल्या होत्या, सुपारी आणि लवंगांच्या मधे. मी त्या काढून पुसल्या.

"बाई, ये देखो," रफीकभाईंनी पहिला बोर्ड पुढे केला. "नवाकोरा माल. पण तुमची रॅम यात नाही बसत. ती आता म्युझियममदी ठेवा."

"म्युझियममदी तुमी बसा," बाई म्हणाल्या. "दुसरा दाखवा."

दुसरा जुन्या पद्धतीचा होता, कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातून काढलेला. बाईंच्या पट्ट्या त्यात बसल्या असत्या. पण मी तो उजेडात धरला तर त्यावरचे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारी नळकांडी, फुगलेले, एकाच्या डोक्यातून तपकिरी चिकट काहीतरी आलेलं. दिवाळीही काढली नसती त्याने.

"रफीकभाई, हा मढ्याच्या अंगावरून काढला का?" मी विचारलं.

"ताई, तुम्ही लेडीज आहात म्हणून ऐकून घेतो," ते हसत म्हणाले आणि आतून तिसरा घेऊन आले. "ये लो. दोन्हीवाला."

त्या बोर्डावर चार खाचा होत्या. दोन जुन्या मेमरीच्या, दोन नव्या मेमरीच्या, वेगवेगळ्या रंगांच्या. जुना प्रोसेसर त्यात बसत होता. मागे प्रिंटरचं जुनं रुंद तोंडही होतं, ते लागणारच होतं, कारण त्या तोंडात एक छोटी कुलूपकिल्ली खोचल्याशिवाय बाईंचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम उघडत नसे. असे बोर्ड थोडाच काळ निघाले. नवं परवडत नाही आणि जुनं टाकवत नाही, अशा लोकांसाठी ते काढलेले. मी बाईंना समजावलं. आज जुन्या पट्ट्या लावू. कापूस विकला, फी आली, की जुन्या काढू आणि नव्या लावू. बोर्ड तोच राहील, नोंदणी तीच राहील.

बाईंनी बोर्ड निरखला. "म्हणजे दोन सासवांची एक सून."

"बराबर!" रफीकभाई म्हणाले. "फक्त एक ध्यानात ठेवा बाई. सासू घरात एकावेळी एकच. दोघी आल्या का सून जळाली समजा."

आम्ही तिघंही हसलो. बाईंच्या बोटांनी काउंटरच्या काचेवर ते वाक्य शेवटपर्यंत टाइप केलं आणि कॅरेज मागे ढकलली.

पाटील पुन्हा चालू झाला. संस्थेने नोंदणी करून दिली. मी झाकण लावताना परत सांगितलं, आता जुनी मेमरी आहे, नव्या खाचांत काही घालायचं नाही, नवी घालायची त्या दिवशी जुनी काढायची. बाईंची बोटं झाकणाच्या पत्र्यावर चालत होती. "हाव," त्या म्हणाल्या. बोर्डाच्या डब्यातली इंग्रजी पुस्तिका मी त्यांच्याकडेच ठेवली. त्यातही हीच सूचना मोठ्या चौकटीत छापलेली होती. बाईंनी पुस्तिका चाळली आणि खूश झाल्या. "छपाई सुरेख हाये गं. वाक्यं बी लहान लहान. स्पीडच्या सरावाले बेस होईन."

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाई कशावरूनही सराव घेत. पुस्तिका मुलींच्या पुढ्यात गेली आणि वंदनापासून सगळ्या जणी ती टाइप करू लागल्या.

कापूस मात्र आला नाही. पाऊस नको तेव्हा लागला, हवा तेव्हा थांबला, आणि बोंडं भरायच्या आधीच शेतंच्या शेतं लाल झाली. लाल्या म्हणतात त्याला. पानं लालभडक होतात, लांबून पाहणाऱ्याला सुंदर दिसतात, आणि झाड आतून संपलेलं असतं. खामगावच्या बाजारात त्या हंगामात गाड्यांची रांगच लागली नाही. पहिल्या वेचणीची फी आली नाही, दुसरी वेचणी झाली नाही. बाईंच्या शेताच्या कडा अळीने खाल्ल्या आणि मधलं रान लाल्याने. बटाईदार सांगायला आला तेव्हा मी तिथेच होते. तो म्हणाला, "बाई, फरदडीची बी आशा नाही." बाईंनी तेही टाइप केलं.

त्यातच संस्थेने परीक्षेचा नवा प्रोग्रॅम पाठवला. तो पाटलाच्या जुन्या मेमरीत मावेना. उघडायला लागला की मशीन जागच्या जागी थिजे. परीक्षा तोंडावर आलेली. बाईंनी कोणाकडे काही मागितलं नसतं, पण पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीला हे कुठून तरी कळलं आणि तिने भावाबरोबर नव्या मेमरीच्या दोन पट्ट्या पाठवल्या. तिची टायपिंगची फी बाईंनी कधीकाळी फरदडीवर सोडून दिली होती. तो मुलगा आला त्या दिवशी मी चुलत दिराच्या लग्नाला वाशीमला गेले होते. दोन दिवसांत परत येणार होते. पण मुलींचे दोन दिवस वाया जातील म्हणून बाईंनी झाकण स्वतःच उघडलं. त्यांनी मला उघडताना कितीदा पाहिलेलं. पट्टीची खाच जुळवायची, दोन्ही टोकांनी सारखी दाबायची, टक् आवाज आला की बसली. हात तर त्यांचे माझ्यापेक्षा चांगले.

नव्या पट्ट्या त्यांनी नव्या खाचांत बसवल्या. जुन्या काढल्या नाहीत.

मी वाशीमहून आले तर बाई जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. माडीवर ढेपेच्या वासात जळक्या प्लास्टिकचा वास मिसळला होता. झाकण उघडलं. जुन्या मेमरीला जास्त वीज लागते, नव्या मेमरीला कमी, आणि बोर्ड एकाच वेळी दोन्ही देऊ शकत नाही. मेमरीच्या बाजूचा भाग काळा पडला होता. नव्या पट्ट्याही गेल्या. आणि वाईट हे की त्या नव्या दोन पट्ट्या एकट्या पुरल्या असत्या. जुन्यांची गरजच नव्हती.

"बाई, जुन्या काऊन ठेवल्या?"

"कडेले ठेवल्या," बाई म्हणाल्या. "बीटीच्या भोवताल साधं राहते तसं. म्हटलं नव्यावर भार नाही पडणार."

भिंतीवर खिळ्याला मुलींचे सरावाचे कागद टांगलेले होते, बाईंनी लाल शाईने तपासलेले. सगळ्यात वर वंदनाचा कागद. बोर्डाच्या पुस्तिकेतलं तेच पान, तीच चौकट. दोन्ही प्रकारची मेमरी एकाच वेळी बसवू नये, तसं केल्यास बोर्ड आणि मेमरी दोन्ही निकामी होतील. पानभर तेच वाक्य पुन्हा पुन्हा, स्पीड वाढवण्यासाठी. एकही चूक नव्हती. खाली बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, "उत्तम."

माझी नजर कुठे आहे ते बाईंनी पाहिलं. "काय लिवलं हाये त्यात?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत मजकुराचा अर्थ त्यांनी मला विचारला तो पहिल्यांदा. मी सांगितला. लपवून काय उपयोग होता? त्यांनी कागद खिळ्यावरून काढला, चार घड्या केल्या आणि बटव्यात ठेवला, सुपारीजवळ.

संस्थेच्या माणसाला मी तीनतीनदा फोन केले. रफीकभाईंनी नागपूरपर्यंत माणसं विचारली. माझ्या दुकानातलं मशीन घेऊन जाते म्हटलं, तर नोंदणीशिवाय त्यावर प्रोग्रॅम उघडेना आणि नोंदणी पुढच्या सत्राशिवाय मिळेना. मुलींनी हवं तर बुलढाण्याच्या केंद्रावर जावं, असं सांगण्यात आलं. दोघी गेल्या. बाकीच्यांच्या घरून येण्याजाण्याला नकार आला. बाई स्वतः वंदनाच्या मामाकडे गेल्या, मी बरोबर होते. बाई म्हणाल्या, "मी घेऊन जातो तिले बुलढाण्याले. माझ्या जबाबदारीवर. परतबी मीच आणतो."

मामा वाईट माणूस नव्हता. त्याने चहा दिला, बाईंना पाटावर बसवलं. "बाई, तुमच्यावर भरोसा नाही असं नाही," तो म्हणाला. "पर तिच्या बापानं कालच सुपारी फोडली. तुमचं मशीन जळालं हे त्याले गावात समजलं. आता पोरगी परीक्षेले गेली तं समोरचे म्हणतीन, पोरीवाल्यायचं मन नाही."

वंदना आतल्या दारात उभी होती. ती रडली वगैरे नाही. बाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "बाई, माझा तो कागद मले द्या ना. बिनचुकीचा." बाईंचा हात बटव्याकडे गेला आणि तिथेच थांबला. "तो नको ठेवू पोरी," त्या म्हणाल्या. "दुसरा देतो." दुसरा त्यांनी दिला की नाही मला माहीत नाही. लग्न लवकरच झालं. पतसंस्थेतल्या जागेवर संचालकाचा पुतण्या लागला.

केंद्र गेलं. बाईंनी त्यानंतर काही महिने माडी उघडी ठेवली. रोज कुलूप काढायच्या, टाइपरायटर पुसायच्या, कोणी येत नसे. पुढच्या हंगामाच्या आधी त्यांनी मला बोलावलं आणि सगळी मशीनं भंगारवाल्याला द्यायला सांगितली. मी दिली. तो वजनावरच घेणार होता, त्यात माझी हुशारी चालली नाही. जळका बोर्ड मात्र त्याला देऊ नको म्हणाल्या. मी तो दुकानात ठेवला. लोक विचारतात की हा इथे कशाला टांगलाय. मी सांगते, सुटे भाग काढायला उपयोगी पडतो. पडत नाही.

बाई बहिणीकडे परतवाड्याला राहायला जाणार होत्या. त्यांना सोडायला मी खामगावच्या स्टँडवर गेले. एक पेटी, एक पिशवी आणि तो बटवा. त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली. मी खाली उभी राहिले. कंडक्टर अजून यायचा होता.

"शोभे," बाई खिडकीतून म्हणाल्या, "एक इचारू का? एकावेळी एकच चालते, तं त्यायनं बोर्डावर दोन्ही खाचा दिल्याच कायले?"

मी दुरुस्ती करणारी बाई आहे. विचारलेल्या प्रश्नाला असलेलं उत्तर देते. "बाई, माणसाकडे आज नवं घ्यायला नसतं ना. पुढे कधीतरी येईल, तेव्हा बदलता यावं म्हणून."

त्यांनी मान हलवली. मी सवयीने त्यांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवरच्या बटव्यावर होते, आणि बोटं हलली नव्हती. ते वाक्य त्यांनी उतरवलं नव्हतं, ऐकलं होतं.

कंडक्टर चढला आणि त्याने घंटी वाजवली.